खड्ड्यातून आलेली हाक

नेसरी,
२ जून २००८

आक्का,

जय भीम.

तू फोन उचलत नाहीस. शेजारच्या धोंडुबाईंच्या फोनवर केला, तर त्या म्हणाल्या, "ती कांड्या भराय गेलीया. मागाच्या आवाजात तिला काय ऐकाय यायचं?" संध्याकाळी केला, तर म्हणाल्या, जेवाय बसलीया. परवा केला, तर म्हणाल्या, "पोरी, मला आता खोटं बोलाय लावू नगंस." म्हणून हे पत्र. पत्राला घरात नाही म्हणून सांगता येत नाही.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, कामाला जाते. रडू येत नाही. आधी वाटलं आज ना उद्या येईल, आता वाटही बघत नाही. दाढ काढताना सुई दिली की गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालंय.

अडीच महिने कामाच्या जागेला कुलूप होतं. गेल्या आठवड्यात काम पुन्हा सुरू झालं. खड्ड्याभोवती आता लोखंडी जाळी आहे, लाल अक्षरांत पाटी आहे. दाजी गेले त्यानंतर या गोष्टी आल्या. आपल्याकडं बैल गेल्यावरच झोपा होतो.

एक गोष्ट लिहायची म्हणून बसले होते. जलदान विधीच्या दिवशी तू मला परसात नेलंस आणि विचारलंस, "पिरते, हाक कुणाची हुती?" अपघाताच्या दिवशी जागेवर आम्ही तिघंच होतो. दाजी खड्ड्यात, मी काठावर, गणपतीमामा शेडपाशी. मी म्हणाले, "दाजींची असंल. खड्ड्यातनं आली." तू हातातला तांब्या खाली ठेवलास आणि आत गेलीस. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द नाही. चौथ्या दिवशी लेकराला, संघर्षला घेऊन, खोलीला कुलूप लावून कबनूरला गेलीस, तेही मला घरमालकिणीकडून कळलं.

दुःखात माणूस बोलत नाही, हे मी समजू शकते. पण तू धोंडुबाईंशी बोलतेस.

संघर्षचं पाचवीचं दप्तर माझ्याकडून पाठवते. निळं मिळालं नाही, खाकी घेतलंय.

तुझी,
प्रीती


नेसरी,
२० जुलै २००८

आक्का,

दप्तर परत आलं. पोस्टमननं विचारलं, "पत्ता चुकला काय?" मी व्हय म्हणाले.

चौकशीचा अहवाल आलाय. चौदा पानं, इंग्रजीत. एक प्रत तुलाही येईल. तुला ती कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागेल, त्यापेक्षा तुझ्या कामाचं वाक्य मीच मराठीत लिहून देते. 'नमुना घेतेवेळी जोड सैल असताना खड्ड्यातून मृताने स्वतः "सोडा" अशी हाक दिली, त्यावरून कॉक उघडण्यात आला. मृतास मोठ्याने बोलण्याची सवय होती.' त्याच्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

दाजी मोठ्यानं बोलायचे हे खोटं नाही. बारा वर्षं मागावर काढलेला माणूस हळू कसा बोलेल? त्यांना मागावरून मीच इकडं आणलं. तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारा माणूस, असा हात आम्हाला हवाच होता. तू तेव्हा खूश होतीस. म्हणालीस, "आता कान तरी वाचतील त्येंचे."

तू कधी जागेवर आली नाहीस. हसायचीस, "भोकातनं पानी काढाय एवढी शिकल्याली माणसं कशाला लागत्यात गं?" आज सांगते. वाक्य कुठून आलं ते तुला कळायला हवं.

मळीपासून स्पिरिट करताना कार्बन डायऑक्साइड निघतो. तो टँकरनं आणून एका बोअरमधून दीड हजार फूट खाली दाबायचा. तो वर हवेत येऊ नये, खालीच राहावा, आणि जमलं तर काळ्या पाषाणात मिसळून त्याचाही दगड व्हावा, असा प्रयोग. पण खाली गाडलेली गोष्ट खालीच आहे, हे वरच्याला कसं कळणार? म्हणून पलीकडं दुसरी बोअर पाडली. तिच्यातून दर पंधरा दिवसांनी खालचं पाणी काढून तपासायचं. ते माझं काम.

हे पाणी बादलीनं निघत नाही. एक बारीक पोलादी नळी खाली जाते, तळाशी वळते आणि परत वर येते. एका तोंडातून नायट्रोजन दाबला की दुसऱ्या तोंडातून खालचं पाणी येतं. नायट्रोजनचा कॉक शेडपाशी, तिथं गणपतीमामा. पाण्याचं तोंड सात फूट खोल खड्ड्यात, तिथं दाजी. काठावर टेबल मांडून मी. दाजी 'सोडा' म्हणाले की मामा कॉक उघडायचे, 'बंद' म्हणाले की बंद करायचे. पहिले तीन कॅन पाणी फेकून द्यायचं. ते नळीत उभं राहून शिळं झालेलं असतं, त्याला खालची काही खबर नसते. मग कॉक बंद. दाजी जोड सैल करणार, पोलादी बाटला बसवणार, जोड आवळणार, आणि पुन्हा 'सोडा'. हे चौथं पाणी खरं. ते दाबासकट धरावं लागतं. उघड्यावर घेतलं तर त्यातला वायू उडून जातो आणि हातात नुसतं पाणी राहतं.

आठ महिने आम्ही सपक पाणी काढलं. वायू तिथवर पोचला की पाण्याला बुडबुडे येणार, म्हणून दाजी दर वेळी विचारायचे, "मॅडम, आज तरी सोडा येतोय काय?" घरात मी पिरती, कामावर मॅडम. ज्या दिवशी येईल त्या दिवशी गडहिंग्लजच्या स्टँडवरून सगळ्यांना गोटी सोडा पाजणार होते. साहेबांनासुद्धा.

बाकी ठीक. इथं पाऊस लागून राहिलाय, कपडे वाळत नाहीत.

प्रीती


नेसरी,
६ मार्च २००९

आक्का,

आज वर्ष झालं. मला यायचं होतं. एस.टी.त बसलेही होते. गडहिंग्लजला उतरले आणि पुढची गाडी सोडून दिली. स्टँडवर दीड तास बसून परत आले. सोड्याची गाडी अजून तिथंच उभी असते.

तिथं गणपतीमामा दिसले. तुला माहीत नसेल, त्यांना दिवाळीनंतर कामावरून काढलं. कारण दिलं की हाक कुणाची हे ओळखता न येणारा माणूस कॉकवर नको. मामांनी चौकशीत सांगितलं होतं, "गॅस दाबायचं मशीन चालू हुतं सायेब. हाक आली, पर कुणाची ते कळलं न्हाय." आता ते बाजारात गुळाच्या ढेपा उचलतात. छप्पन्न वर्षांचा माणूस. मला बघून पाठीवरचा बोजा उतरवला, घाम पुसला आणि विचारलं, "आक्काताई बरी हाय न्हवं?" मी म्हणाले, बरी आहे. मला काय ठाऊक?

लोक माझ्याबद्दल काय म्हणतात ते तुझ्यापर्यंत आलंच असेल. बहिणीचा नवरा डोळ्यांदेखत गेला आणि ही काठावर उभी राहिली. ते खरं आहे, तेवढं मी मान्य करते.

जोडातून आधी पाणी उसळलं, मग नुसता नायट्रोजन. त्याला रंग नाही. खड्ड्यातली हवा बाहेर ढकलत तो भरत गेला आणि वरून काही दिसलं नाही. दाजी उकिडवे बसले. मला वाटलं, खाली पडलेला पाना शोधतायत. मग ते कुशीवर कलले. मामा शिडीकडं धावले. मी त्यांचा सदरा मागून धरला, टरकन फाटला, पण सोडला नाही. खाली उतरलेला दुसरा माणूस वर येत नसतो, हे मला शिकवलंय आणि मीच सगळ्यांना शिकवते. मामा शिव्या देत होते. मी कॉक बंद केला, पंखा लावला आणि घड्याळ बघत उभी राहिले. वीस मिनिटं. नियमानं तेवढी लागतात. एकही मिनिट मी कमी केलं नाही.

खड्ड्यातला पंखा आधीपासून चालू असता तर, असं तू विचारशील. त्याच्या घरघरीत हाक ऐकू येत नाही, म्हणून नमुना घेताना आम्ही तो बंदच ठेवायचो. हाक नीट ऐकू यावी म्हणून.

हे लिहूनही मला काही वाटलं नाही. शाई मात्र दोनदा संपली.

प्रीती


नेसरी,
१७ मे २००९

आक्का,

दाजी गेल्यापासून नवीन माणूस कामावर आला की मला त्याला तासभर समजावून सांगावं लागतं. त्यात शेवटी 'आपल्या जागेवरचा अपघात' येतो. अहवालातलं वाक्य मी फळ्यावर लिहिते. मृताने स्वतः हाक दिली. तीन वेळा मी हे केलं. दाजींचं नाव घ्यायचं नसतं, 'मृत' म्हणायचं. त्यानं सोपं जातं.

परवा शिवलीला नावाची गडहिंग्लजची मुलगी नव्यानं लागली. बाप किराणा व्यापारी, घरात कानडी. बोटं मोडत मागच्या बाकावर बसली होती. तिनं हात वर केला. "मॅडम, जोड तर त्येंच्याच हातात सैल होता की. मग ते सोडा कशाला म्हणतील? खुळे होते काय?"

मी फळ्याकडं वळले आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. वर्षभर मोठमोठ्या साहेबांनी वाचलं होतं. कुणाला हा प्रश्न पडला नाही. शिकलेल्या सगळ्यांनी मान डोलावली, की मागावरचा माणूस, असं करू शकतो.

दाजी खुळे नव्हते. हाक माझी होती.

लिहिलं. आता सगळं लिहिते.

तीन कॅन झाले होते. दाजींनी 'बंद' म्हटलं, मामांनी कॉक बंद केला. दाजी जोड सैल करून बाटला बसवत होते. मामा कॉकवर हात ठेवून पुढच्या 'सोडा'ची वाट बघत होते. मी तिसऱ्या कॅनमधलं थोडं पाणी काचेच्या बाटलीत घेतलं, नेहमीसारखं, आणि उन्हाकडं धरलं. त्यात बुडबुडे होते, आक्का. आठ महिन्यांनी. तळापासून वर, एकामागून एक, गोटी फोडल्यावर येतात तसे. मी बाटली उंच धरली आणि ओरडले, "सोडा!"

'आला' म्हणाले नाही. 'सोडा आला' म्हणाले असते तर मामांना कळलं असतं. नुसतं 'सोडा'. दाजींना ऐकवायचं होतं. मामांनी कॉक उघडला, पुरा. त्यांची काही चूक नाही. त्यांना जो शब्द हवा होता तोच त्यांना मिळाला.

आठ महिन्यांत हा घोटाळा कुणाच्या डोक्यात कसा आला नाही, असं तू म्हणशील. सोडा आलाच नव्हता, तर ओरडणार कोण?

आणि दुसरी गोष्ट. आधीचे सगळे मामांना 'ए गणप्या, सोड' म्हणायचे. साहेबही. दाजी आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "ह्या माणसाचं नाव गणपतीमामा हाय. ह्येंना अहो म्हणायचं." आपल्या आज्ज्याला वयाच्या सत्तरीत गावची पोरं अरेतुरे करायची, हे आप्पा आपल्याला जेवताना सांगायचे, आठवतं? कष्टाच्या माणसाला कुणीही एकेरीत हाक मारायची नाही, ही आपल्या घरची शिकवण. दाजींनी ती कामावर नेली आणि सगळ्यांना लावून दिली. त्यामुळं 'सोड'चं 'सोडा' झालं. मामांना गणप्याच राहू दिलं असतं, तर माझी हाक त्यांनी हाक धरलीच नसती आणि दाजी आज जिवंत असते. हा विचार मी वर्षभर चघळतेय. त्याला चव नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, हाक कुठून आली? मी म्हणाले, खड्ड्याच्या बाजूनं. हे खोटं नव्हतं, मी काठावरच होते. त्यांनी लिहिलं, खड्ड्यातून. मी वाचलं आणि सही केली. बस्स, एवढंच केलं मी. एका अक्षराचंही खोटं बोलले नाही आणि माझी हाक मेलेल्या माणसाच्या तोंडात घातली. तुला परसात सांगितलं तेव्हा मात्र उघड खोटं बोलले.

मशीन चालू नव्हतं, आक्का. तेव्हा पंखासुद्धा बंद होता. माळावर एवढी शांतता होती की बुडबुडे ऐकू यावेत. तिघांत दोन पुरुष आणि एक बाई. मामांना बाईचा आवाज ओळखू आला नसेल? ते काही बहिरे नाहीत. त्यांनी माझ्यासाठी मशीन चालू केलं, आणि मी त्यांना ढेपा उचलायला पाठवलं.

ओरडले तेव्हा दाजींनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि एक शब्द बोलले. तो मी लिहीत नाही. तेवढा माझ्याजवळ राहू दे.

तू काय करायचं ते कर. पत्र जाळ, पोलिसांकडं ने. मला आता कसलीच भीती वाटत नाही, आणि हे काही धाडस नाही.

प्रीती


कोल्हापूर,
९ ऑगस्ट २००९

आक्का,

पत्त्यावरून कळलंच असेल. नेसरीचं काम सुटलं.

मी साहेबांकडं लेखी जबाब दिला. त्यांनी वाचला, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, प्रकरण मिटलंय. आता हे उकरून कुणाचं भलं होणार?" मी म्हणाले, मृताचं. मग पहिल्यांदा त्या खोलीत म्हणाले, प्रसेनजीतचं. त्यांनी पुण्याच्या मुख्य ऑफिसला फोन केला. दोन महिने नुसती ये-जा झाली. शेवटी अहवालाला एक पान जोडलंय. 'हाक खड्ड्यातून आलेली नसून काठावरील रसायनतज्ज्ञाने दिलेली होती. मृताकडून कार्यपद्धतीचे कोणतेही उल्लंघन झाले नाही.' सोबत प्रत आहे, मराठीही खाली लिहिलंय. मला त्यांनी काढलं नाही, राजीनामा द्यायला सांगितलं. इथं एका पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये लागलेय. विहिरीचं पाणी, नळाचं पाणी. बाटलीतून येतं, बाटलीतून जातं.

निघायच्या आधी मामांकडं गेले. ते पान त्यांनाही वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "कशाला केलंस गं? आमच्यातली एक पोरगी एवढ्या मोठ्या कामावर गेल्याली. एक माणूस गेला त्यो गेला. दुसरं कशाला घालवायचं म्हणून मी गप बसलो." मी पाया पडायला वाकले, तर पाय मागं घेतले. म्हणाले, "आपल्यात असलं काय नसतंय." मग बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. त्यांचं काम परत मिळावं असा अर्ज मी केलाय. होईल असं वाटत नाही.

शेवटचा नमुना मीच घेतला. कॉकवर आता शिवलीला असते. हाक मारायची नाही, हिरवं फडकं दाखवायचं. चौथं पाणी तपासलं, तर वायू खूप कमी झालाय. सोडा जवळजवळ गेलाय. वर कुठं आलेला नाही, तेही तपासलं. म्हणजे खाली त्याचा दगड होतोय. प्रयोग यशस्वी आहे, आक्का. दाजींना कळवायला हवं होतं.

प्रीती


कबनूर,
२ सप्टेंबर २००९

पिरते,

जय भीम. मी चवथीपोतूर शिकल्याली, चुका काढू नगंस.

कागद मिळाला. संघर्षनं वाचून दावला. मग त्यानं तो शाळंत नेला आणि गुरुजीला दावला. मी नगं म्हटलं न्हाय. वरीसभर पोरं त्याला म्हणत हुती तुझ्या बानं सोताच वरडून सोताला मारलं.

तुझी हाक हुती हे मला पयल्यापासनं ठावं हाय. जलदानाच्या आदल्या दिवशी गणपतीमामा घरी आलता. उंबऱ्यात बसून लहान पोरागत रडला. म्हणला, आक्काताई, तुझ्यापाशी खोटं बोलवत न्हाय, हाक पिरतीची हुती, पर पोरीनं मुद्दाम केलं न्हाय, तू तिला काय बोलू नगंस. मी म्हटलं, न्हाय बोलत. म्हणून दुसऱ्या दिवशी तुला परसात नेऊन इचारलं. मला ठावं नव्हतं म्हणून न्हाय. तुझ्या तोंडनं ऐकायचं हुतं. तू व्हय म्हणली असतीस तर मी तुला तिथंच पोटाशी धरणार हुतो. तू त्येचं नाव सांगितलंस. वरडलीस त्येचा राग मला एक दिस बी न्हवता. परसातल्या बोलण्याचा हाय.

मामाला पाया पडलीस ते बरं केलंस. आपल्यात नसतंय म्हणला तरी बरं केलंस.

तूच लिवलं हुतंस, पयलं तीन कॅन पानी फेकून द्याचं, त्याला खालची खबर नसती. तुझी पयली तीन पत्रं मी चुलीत घातली. चवथं ट्रंकंत हाय, त्येच्या फोटोखाली.

माफी बिफी मला जमत न्हाय. सोड आता, असं लोक म्हणत्यात. तो शब्द माझ्या तोंडात येत न्हाय. नळाला पानी आलं की शेजारनी पानी सोडलं सोडलं म्हणून वरडत्यात, तवा मी कानावर हात ठेवतो.

एक मातर सांगतो. त्येचा शेवटचा शब्द तुझ्याजवळ राहू दे म्हणून लिवलंयस. तो तुझा न्हाय. दीड वरीस समदी म्हणत हुती त्येचा शेवटचा शब्द सोडा. तो तर तुझा हुता. मग त्येचा कुठला? माझा हाय तो. आणून दे.

सुट्टीदिवशी ये. माग बंद असत्यात. बोलल्यालं ऐकाय येतंय.

आक्का


कोल्हापूर,
५ सप्टेंबर २००९

आक्का,

रविवारी पहिल्या गाडीनं येते. दप्तर आणते, निळं मिळालंय.

पण मी गडहिंग्लजच्या स्टँडवरून एकदा परत फिरलेली बाई आहे. वाटेत पुन्हा फिरले तर तुझी वस्तू माझ्याकडंच राहील, म्हणून आजच लिहून टाकते. आले की तोंडानंही सांगीन.

माझी हाक मामांनी चुकीची ऐकली. दाजींनी बरोबर ऐकली होती. त्या एकट्यालाच कळलं, मी काय म्हणतेय ते. त्यांनी बाटला गुडघ्यावर ठेवला, मान वर केली, माझ्या हातातली काचेची बाटली बघितली आणि तोंडभर हसले. कामावर ते मला कधी पिरती म्हणत नसत. त्या दिवशीही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले,

"आला?"

हे लिहिताना मला रडू आलं. आल्यावर सांगीन तेव्हाही येईल. तू या खेपेला तांब्या हातातच धरून ठेव, आत जाऊ नकोस.

तुझी,
पिरती